कँटनच्या वखारीतला काटा

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. चीनमधल्या कँटन बंदरात नदीकाठच्या वखारीत मी चहाच्या पेट्या तोलत असे. जवळच्याच फोशान गावच्या एका सुताराने माझी दांडी सहा महिने तेल पाजून घडवली होती.

युरोपातले व्यापारी आणि आमचे लोक यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. पण तोलणारा मोक चुंग खणखणीत आवाजात वजन पुकारी, तेव्हा दोघेही मुकाट्याने मान डोलावत. माझं याहून मोठं कौतुक कधी झालं नाही.

एका वर्षी परदेशी लढाऊ जहाजं नदीच्या मुखाशी येऊन थांबली. वखारीच्या दारावर आमच्या सरकारचे शिपाई बसले. अशात एका सकाळी डॅनिश कारकून येन्स एक पेटी घेऊन माझ्याकडे आला.

"मोककाका, मालक म्हणतात आत घड्याळं आहेत, न तोलता परस्पर आत न्या. पण हमालांच्या माना मोडायची वेळ आली. जरा तोलून बघा ना."

माझं पारडं धाडकन खाली बसलं.

"अरे, घड्याळं आहेत की सगळ्या युरोपचा वेळ भरून आणलास?" मोक हसला. पण येन्सचा चेहरा पांढराफटक पडला होता.

इतक्यात दारावरच्या शिपायांच्या अंमलदाराने विचारलं, "किती भरलं रे?"

घड्याळं इतकी जड नसतात, हे मोकला कळलं होतं. खरं सांगावं तर येन्स अडकणार. खोटं सांगावं तर पेटीत असेल ते शहरात शिरणार. त्याने खरं वजन पुकारलं.

पेटी फोडली. आत बंदुका होत्या. शिपायांनी येन्सची मानगूट धरली, तसा मोक आडवा झाला.

"साहेब, लपवायचं असतं तर हा आपल्या पायाने काट्याकडे आला असता का?"

"परक्याला जामीन राहतोस?"

"राहतो."

येन्स सुटला. पण त्याच्या मालकाने त्याला घरभेदी म्हणून हाकललं आणि पहिल्या जहाजाने परत धाडलं. परक्याची बाजू घेतली म्हणून अंमलदाराने मोकच्या गळ्यात महिनाभर शिक्षेची जड लाकडी फळी अडकवली. येणारेजाणारे थुंकत. त्यानंतर तो वखारीत आला नाही. पुढे तोफा धडाडल्या आणि व्यापारही बसला.

मोकच्या जागी आलेला माणूस आधी अंमलदाराचा चेहरा बघे, मग माझ्याकडे; त्याने पुकारलेल्या वजनावर कुणाचा विश्वास बसेना. असा काटा कुणाच्या कामाचा? मला अडगळीत टाकलं. आता वाळवी लागली आहे.

मित्रांनो, मला तेल नाही लावलंत तरी चालेल. पण खरं वजन पुकारणाऱ्याला जपा. तो गप्प झाला की दोन्हीकडच्या माणसांना ऐकायला फक्त तोफाच उरतात.