राजानंद सरांची काळी फरशी

बाथरूममध्ये काळी चकचकीत फरशी बसवायची, ही अक्कल राजानंद सरांची. अंबडात त्यांच्या गल्लीतली ती पहिलीच काळी फरशी. बोअरचं पाणी जड आहे, साबणाचा थर उठून दिसेल, असं बेबीनंदाने तेव्हाच सांगितलं होतं. पण सर पडले विज्ञानाचे शिक्षक आणि ती पडली नुसती बायको. महिन्याभरात फरशीवर असा बुळबुळीत पांढरा थर चढला, की फरशी मुळात काळी आहे हे पाहुण्यांना सांगावं लागे. सर ते हौसेने सांगत.

थर दिसतो, हे सरांचं दुःख. बेबीनंदाचं दुःख वेगळं होतं. तिची आई नंदाबाई केदारखेड्यात एकटी राहायची. सत्तरी ओलांडलेली, त्यात उन्हाळ्यात अंगणात पडून कंबर दुखावून घेतलेली. आता तिने कायमचं इकडे यावं म्हणून बेबीनंदाने किती विनवण्या केल्या होत्या! शेवटी एकदाची आली. पण पाचव्या दिवशी बेबीनंदाच्या लक्षात आलं, की आई टॉवेल घेऊन बाथरूममध्ये जाते, कडी लावते, आणि पाणी पडल्याचा आवाज काही येत नाही.

"आई, आंघोळ करून राह्यलीस का नुसती बसून राह्यलीस?"

"फडक्यानं अंग पुसून घेते. पाय ठरत न्हाई माझा तिथं. रविवारी मला गाडीत बसवून दे."

"मंग सांगायचं न्हाई का मला?"

"जावयाच्या घरी काय सांगायचं, बाई?"

बेबीनंदाला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला. पोटच्या लेकीच्या घरी आई पाच दिवस ओल्या फडक्यावर काढते, आणि लेक तिला रोज विचारते, गरम पाणी पुरलं का! तिने त्याच संध्याकाळी नवऱ्याला बजावलं, रविवारपर्यंत फरशी स्वच्छ झाली नाही तर आई जाईल, आणि एकदा गेली की पुन्हा यायची नाही.

सर मोठ्या मनाचे. "मामींसाठी एवढं करू की," म्हणाले आणि मोबाईल घेऊन पलंगावर लवंडले. पहिल्या व्हिडिओत व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतायला सांगितलं होतं. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की दोघांचाही जोर संपतो, हे सर दरवर्षी पोरांना शिकवतात. पण घरच्या फरशीवर उसळलेला फेस पाहून ते इतके हरखले, की शिकवलेलं शाळेतच राहिलं. फेस बसला. थरही बसूनच होता.

मग लिंबं आणली. दोन तास सर दारात उभे राहून मोबाईलवरच्या सूचना वाचत होते. घासलं कोणी, हे वेगळं सांगायला नको. या वेळी मात्र थर निघाला, काळी फरशी झळकली. "बघ, याला विज्ञान म्हणतात," सर म्हणाले. एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले? थर पुन्हा धरू नये म्हणून शनिवारी त्यांनी फरशीला खोबरेल तेलाचा हात फिरवला.

"आवो, फरशीला तेल?"

"तुला काय कळतं? आता पाणी ठरणारच न्हाई तिच्यावर."

पाणी ठरलं नाही. रविवारी सकाळी सरही ठरले नाहीत.

मनगट मोडलं. बेबीनंदा त्यांना घेऊन जालन्याला गेली, प्लास्टर घालून दुपारी परतली. दार उघडलं तर नंदाबाई पदर खोचून, घामाघूम होऊन उभी. शेजारच्या बांधकामावरून तिने विटेचा तुकडा आणि पाटीभर वाळू आणली होती.

"लई चिवट साबण गं. चकचक जाता जाईना. आता समदी काढली बघ."

जन्मभर खरबरीत दगडी फरशीवर वावरलेली बाई ती. चमक म्हणजे राहिलेला साबणच, असं धरून तिने चमकच खरवडून काढली होती. फरशी भुरकट, खरखरीत झाली होती. सरांचा चेहराही तसाच झाला. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या शाळेतले मच्छिंद्र सर विचारपूस करायला आले. हात धुवायला म्हणून आत डोकावले.

"सर, तुमच्या फरशीची चमक कुठं गेली?"

जावयाचा चेहरा पाहून दारामागे सरकलेल्या, हळूच पिशवी भरत असलेल्या नंदाबाईने पदर सावरला. आजवर जावयासमोर ती अक्षर बोलली नव्हती.

"जावईबापूंनीच घासून घेतली. म्हन्ले, म्हाताऱ्या मान्साचा पाय ठरला पाह्यजे."

राजानंद सरांनी सासूकडे पाहिलं, मग आपल्या प्लास्टरकडे.

"हां. मुद्दामच खरबरीत करून घेतली," ते म्हणाले. "घर्षण वाढतं त्याच्यानं. शास्त्र हाये त्याच्यामागं." आणि त्यांनी घर्षण समजावून सांगायला सुरुवात केली.

बेबीनंदाच्या जिभेवर खोबरेल तेलाची बाटली अगदी तयार होती. पण आईने डोळ्यांनीच दटावलं, भरलेली पिशवी बाजूला ठेवली, टॉवेल घेतला आणि आत जाऊन कडी लावली. बादली भरू लागली. मग तांब्यामागून तांब्या, बराच वेळ, सावकाश, पाणी पडत राहिलं. बेबीनंदाने डोळे पुसले आणि मच्छिंद्र सरांना विचारलं, चहात साखर किती घालू.