शून्याच्या जागी दोन

ताई गेली आणि पुढच्याच सोमवारी मी त्या प्रोग्रामच्या मागे हात धुऊन लागलो.

हॉस्पिटलच्या तळघरात, आमच्या खोलीत तो चालतो. गाठीवर किरण कुठल्या बाजूने आणि किती वेळ सोडायचे, हे तो ठरवतो. एका पेशंटच्या हिशेबाला तीन तास, म्हणजे दिवसाला जेमतेम चार पेशंट. ताईचा नंबर एकशे बत्तिसावा होता. ओळख काढून पुढे घेऊ का, असं विचारलं तर माझ्यावरच डाफरली, "माझ्यापुढे चार वर्षांची पोर आहे. तिला मागे ढकलू?" नंबर लागेपर्यंत गाठ मणक्यात उतरली होती. आता किरणांचा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले.

प्रोग्राम मीच लिहिलेला, तेव्हा राग काढायला दुसरं कोणी नव्हतंच. चार दिवस एकेक लूप सोलून काढला. तीच गणितं पुन्हापुन्हा होऊ नयेत म्हणून उत्तरं साठवून ठेवली. एवढा डोंगर पोखरून वाचली नऊ मिनिटं.

शुक्रवारी सहज कंपायलरच्या सूचनांची फाइल उघडली. आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवताना कंपायलर ते स्वतःच वेगवान करतो, फक्त त्याला तसं सांगावं लागतं. मी तिथे शून्य टाकून 'करू नको' असं सांगून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी एक चूक शोधायची होती, आणि वेग बंद ठेवला की चूक लवकर सापडते. शेजारी माझीच टीप होती: 'तात्पुरतं. नंतर बदलणे.' चूक त्याच दुपारी सापडली होती. बदलायचं मात्र राहून गेलं.

शून्याच्या जागी दोन लिहिला. तीन तासांचा हिशेब एकवीस मिनिटांत! जुन्या पेशंटांची उत्तरं ताडून पाहिली, सगळी तीच. साहेबांनी पाठ थोपटली, "जादूगार आहेस लेका!" मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडलो.

संध्याकाळी दाजींकडे गेलो. ते ताईची उरलेली औषधं परत द्यायला वेगळी काढत होते. मी काही लपवलं नाही. एक थोबाडीत बसली असती तर बरं वाटलं असतं.

दाजींनी हातातलं गोळ्यांचं पाकीट परत द्यायच्या ढिगात ठेवलं.

"रांगेतली माणसं वैतागायची ना," ते म्हणाले, "तेव्हा ही त्यांना समजवायची. माझ्या धाकट्या भावाने बनवलंय ते, म्हणायची. वेळ लागतोय म्हणजे नीट बघत असेल. मग ती माणसं गप्प बसायची बिचारी."