हनुवटीखालचं ऊन

तो गच्च्यांना पांढरा रंग मारायचा. उन्हाळ्यात घरं गार राहावीत म्हणून लोक मारून घेतात, तो. गिऱ्हाइकाला ठरलेलं वाक्य ऐकवायचा, "साहेब, हा रंग ऊन आत घेतच नाही. आलं तसं परत वर धाडतो!"

बायको बरोबरच असायची. ती रंग कालवता कालवता ओरडायची, "अहो, उन्हाचं क्रीम लावलंत का? घाम आला की पुन्हा लावायचं असतं!" हाही गुणी. कपाळ, नाक, गाल, मान, हात, सगळीकडे लावायचा आणि वर रुंद काठाची टोपी घालायचा.

तरी हनुवटीखाली लाल चट्टा उठला. साल निघायची, बरं वाटायचं, की पुन्हा आग. आता जिथं टोपीची सावली, जिथं ऊन पोचतच नाही, तिथंच हे कसं?

"उन्हाचं असतं तर नाकावर आलं असतं," तो पडेल आवाजात म्हणाला. "हे आतून आलंय. वाईटातलं काहीतरी आहे. शिडी तुझ्या भावाला दे. रोलर मात्र देऊ नकोस, तो धूत नाही."

"आधी डॉक्टरांना दाखवू, मग करा वाटण्या!" ती तडकली खरी, पण त्या रात्री त्याच्यासारखंच तिचंही ताट तसंच राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याची मान वर करायला लावली आणि भिंग धरलं. तो छताकडे बघत देवाचं नाव घेत राहिला.

"काम काय करता?"

भीतीतही जिभेची सवय सुटेना. "गच्चीला पांढरा रंग मारतो. ऊन आत घेतच नाही तो, आलं तसं परत वर..."

आणि त्याचा हात आपोआप हनुवटीखाली गेला.

"वर कुठं धाडतो?" बाईंनी विचारलं.

"अहो, वर तुम्हीच तर वाकलेले असता!" बायको जवळजवळ किंचाळलीच.

बाई हसल्या. "उन्हानं पोळलंय, खालून. दुसरं काही दिसत नाही. मलम देते. यापुढं हनुवटीखाली, नाकाखाली, कानांमागंही क्रीम लावायचं आणि गळ्याभोवती सुती कापड गुंडाळायचं. आणि दोन-तीन आठवड्यांत भरलं नाही तर परत यायचं. बरी न होणारी जखम अंगावर काढायची नसते."

"येतो, येतो!" तो असा म्हणाला, जसं काही जेवायचं आमंत्रणच आहे.

जिन्यात मात्र तो पायरीवरच बसला. ती शेजारी टेकली. दोन बोटांनी त्याची हनुवटी वर करून तिनं चट्टा न्याहाळला, हळूच फुंकर घातली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती.

"पोळलंय हो," ती म्हणाली. "देवा, नुसतं पोळलंय!"