लाइट मॅजेंटा

आपले डोळे ठणठणीत आहेत हे ऐकून कुणी चिडतं का? ताई चिडली. अशी चिडली की डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची जराशी मागे सरकवली.

"मोतीबिंदू आहे, पण अगदी कच्चा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सध्या त्याला हात लावायची काही गरज नाही. आणि रंगांचं म्हणाल, तर ह्या टिकल्या ओळीने लावताना चांगली तरुण माणसं गडबडतात. तुमची एकही चुकली नाही."

टेबलावर रंगीत टिकल्यांची लांबट पेटी होती. निळ्यापासून जांभळ्यापर्यंत, एकीपेक्षा दुसरी किंचित निराळी. तांदूळ निवडावेत तशा ताईने त्या बोलता बोलता लावून टाकल्या होत्या.

"पुन्हा बघा. नीट बघा."

"नीटच बघितलं."

"मग मला घरी सगळे रंग चुकलेले का दिसतात?"

"चुकलेलेच असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटसाठी त्यांनी बेल वाजवली.

ताई म्हणजे काही साधं प्रकरण नव्हे. तिची उभी हयात फोटोच्या लॅबमध्ये गेली. काम काय, तर कलर करेक्शन. दिवसभर परक्या माणसांचे चेहरे बघायचे आणि सांगायचं, हा हिरवट आलाय, हा पिवळा पडलाय, ह्याच्यातला मॅजेंटा, म्हणजे गुलाबी, थोडा उतरवा. ती 'उतरवा' म्हणाली की उतरवायचं, 'चढवा' म्हणाली की चढवायचं. मालकाचीसुद्धा मधे तोंड घालायची टाप नव्हती. लॅब बंद पडल्यावर तिने हट्टाने घरी फोटो प्रिंटर घेतला आणि बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मांडला. जुनी गिऱ्हाइकं पत्ता शोधत यायला लागली. फोटो मशीनमधून बाहेर आला की ताई तो खिडकीशी न्यायची, कातडीचा रंग ताडायला आपलं मनगट त्यातल्या चेहऱ्याशेजारी धरायची आणि एका नजरेत निकाल द्यायची. त्या निकालावर अपील नसायचं.

मशीनचं बाकी सगळं बेबीकडे. बेबी म्हणजे ताईची धाकटी बहीण. म्हणायला बेबी, पण डोक्यावर काळा केस औषधाला सापडायचा नाही. नवरा गेल्यावर ताईकडे चार दिवस राहायला म्हणून आली ती राहिलीच. शाई आणायची, रिकामं कार्ट्रिज काढून नवं बसवायचं, कागद भरायचा, ही तिची कामं. रंगांत मात्र तिने नाक खुपसायचं नाही. रंगांतच कशाला, कशातच नाही. बेबीने दोरीवर कपडे वाळत घातले तर ताई मागून जाऊन चिमटे बदलायची. "तुला काय कळतंय!" हे वाक्य त्या घरात दाराच्या बेलपेक्षा जास्त वाजायचं.

आणि मग रंग चुकायला लागले.

आधी चेहरे लाल यायला लागले. जणू फोटोतली सगळी माणसं नुकतीच भांडून आली होती. ताईने दुरुस्ती केली. थोडे दिवस बरं चाललं, तर पुढचे चेहरे राखाडी, आजारी, अंगात रक्तच नसल्यासारखे. पुन्हा दुरुस्ती. पुन्हा लाल. केलेली दुरुस्ती टिकायलाच तयार नाही! ताईने बेबीला विचारलं, "शाई बदललीस का गं?" बेबीने मशीन उघडून कार्ट्रिज तिच्या हातात दिलं. कंपनीचंच होतं, वर ठसठशीत कंपनीचं नाव.

"काहीसुद्धा बदललेलं नाही," बेबी म्हणाली. "रंग चांगले आहेत की. तुझ्याच डोळ्यांना काही झालं नसेल ना?"

झालं! एवढं एक वाक्य. परक्या कुणी हे म्हटलं असतं तर ताईने त्याची सालटी सोलली असती. पण हे घरचं माणूस, पाठची बहीण. ती कशाला खोटं बोलेल? ताईने ते खरं धरलं. डोळे गेले तर उरलं काय हातात? त्या दिवसापासून तिचा स्वतःवरचा विश्वास उडत गेला. फोटो बाहेर आला की खिडकीशी जायची, मनगट लावायची, आणि मग हाक मारायची, "बेबी, इकडे ये गं जरा. हा चेहरा बरोबर आहे का?"

बेबी हात पुसत यायची. चष्मा लावायची, मान तिरकी करायची, "हं" म्हणायची. मग सांगायची, "थोडा लाल कमी कर." आणि ताई, जिच्यापुढे लॅबचा मालक मूग गिळून बसायचा ती ताई, मुकाट्याने लाल कमी करायची.

मागच्या आठवड्यात चित्रकारीण आली. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ती माणसांचे चेहरे रंगवायची आणि त्यांच्या छापील प्रती ताईशिवाय कुणाकडून काढून घ्यायची नाही. नव्या प्रदर्शनाचं मोठं काम घेऊन आली होती बिचारी. ताईने तिला दारातच सांगितलं, "माझे डोळे गेले गं. तू दुसरीकडे बघ." चित्रकारणीचे डोळे भरून आले. ताई त्या दिवशी जेवली नाही. बेबीने जवळ बसून, पाठीवरून हात फिरवून, तिला कपभर दूध प्यायला लावलं. हो, दूध! पुढे हे आठवलं तेव्हा ते दूध घशाशी आल्यासारखं ताईला वाटलं.

तर आता डॉक्टरीणबाईंकडून निघाल्यावर ताई रस्त्याने स्वतःशीच बोलत चालली होती. डोळे चांगले. खिडकी तीच. कागदाचा गठ्ठा तोच, तिने स्वतः पारखून घेतलेला. मशीन व्यवस्थित कुरकुरतंय. मग चुकतंय काय? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं ती दोनदा मोठ्याने म्हणाली आणि शेजारून जाणाऱ्या माणसाने वळून बघितलं. पाणी किती खरोखरचं होतं, ते तिला अजून कळायचं होतं.

तिने आपल्या किल्लीने दार उघडलं. डॉक्टरकडे दुपार जाईल अशी बेबीची कल्पना होती. बाथरूमचा दिवा लागलेला होता आणि दार उघडंच होतं. आत बेबी स्टुलावर बसली होती. समोर बादली उपडी घालून वर जुना पेपर पसरलेला. पेपरवर कंपनीचं कार्ट्रिज, लेबल सोलून त्याखाली भोक पाडलेलं. शेजारी कुठल्या कोण कंपनीची शाईची बाटली, एक इंजेक्शनची पिचकारी आणि पाण्याची वाटी. बेबीची बोटं गुलाबी होती.

"हे काय चाललंय?"

बेबीच्या हातातून पिचकारी पडली. "आलीस पण? काय म्हणाल्या डॉक्टर?"

"डॉक्टरचं मरू दे. हे काय आहे?"

"शाई भरतेय." बेबीने बोटं पेपरला पुसली. "कंपनीची किती महाग झालीये, तुला कल्पना नाही. दुकानदार म्हणाला, बाटलीतली भरली तरी चालते. कार्ट्रिज तेच ठेवायचं, फक्त आतली शाई दुसरी. सगळेच भरतात."

"आणि पाणी?"

"ते ना, ते लाइट मॅजेंटाचं. त्याच्याकडे लाइट नव्हतं, साधं मॅजेंटाच होतं. म्हटलं, लाइट म्हणजे काय, फिकटच ना? घातलं पाणी, झालं फिकट."

"किती घालतेस?"

"अंदाजाने."

अंदाजाने! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, फोटोतल्या माणसाचा सगळा चेहरा त्या एका शाईवर उभा असतो. गाल, कानाच्या पाळ्या, तान्ह्या पोराच्या टाचा, सगळं लाइट मॅजेंटा. आणि ही बाई त्यात दर खेपेला अंदाजाने पाणी ओतत होती! ज्या दिवशी पाणी कमी पडलं त्या दिवशी माणसं लालबुंद, ज्या दिवशी जास्त पडलं त्या दिवशी मेल्यासारखी. घड्याळ लावून ठेवावं आणि मागून कुणीतरी येऊन रोज काटे फिरवावेत, तसं चाललं होतं. ताई बापडी स्वतःच्या डोळ्यांना शिव्या घालत बसली होती.

"मशीनने सांगितलं कसं नाही मला?"

"सांगायचं ना." बेबी खाली बघून म्हणाली. "कॉम्प्युटरवर सारखं लिहून यायचं, ही शाई अस्सल नाही म्हणून. दुकानदाराने ते बंद करून दिलं."

"म्हणजे मशीनसुद्धा खरं बोलत होतं! त्या डबड्याला लाज होती! तुझं तोंड काय शिवलं होतं?"

"ओरडू नकोस ना, ताई."

"ओरडणार! अगं, बाटलीतली शाई आणलीस, आणलीस. तिलाही मी वळण लावलं असतं. लॅबमध्ये काय सगळं सोन्याचं होतं? रोज एक भानगड असायची आणि मी निस्तरायची. मला नुसतं सांगायचंस, बेबी. एक शब्द. पण तू माझ्या डोळ्यांवर ढकललंस. माझ्या डोळ्यांवर!"

"मी सांगणारच होते. पहिल्यांदा वाटलं, तू अंगावर येशील."

"आलेच असते! माझ्या अंगावर येण्याने आजवर मेलीस का तू?"

"आणि मग..." बेबी पडलेली पिचकारी उचलायला वाकली.

"मग काय? बोल ना. आता का दातखीळ बसली?"

बेबीने वर बघितलं. "मग तू मला विचारायला लागलीस. हाक मारून बोलवायचीस. बेबी, हे बरोबर आहे का गं. आख्ख्या जन्मात कधी विचारलंस मला काही? माझ्या लग्नाला होकारसुद्धा तूच देऊन आलीस, मला घरी आल्यावर कळलं. पडद्याचा रंग तू ठरवणार, भाजी किती शिजली ते तू ठरवणार. आणि आता तू मला विचारायचीस आणि मी सांगेन ते करायचीस. मला इतकं बरं वाटायचं गं. म्हटलं, अजून थोडे दिवस. मग सांगू."

इथे दुसरी कुणी असती तर विरघळली असती, बहिणीला जवळ घेऊन रडली असती. ताई विरघळली नाही. बेबी म्हणाली त्यातलं बरंचसं खरं होतं हे तिला कळलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

"म्हणजे तुला शहाणं व्हायचं होतं म्हणून मला आंधळी केलीस."

"तसं नाही गं..."

"मी आरशासमोर उभी राहून डोळे ताणून बघायचे. सुईत दोरा ओवून बघायचे, काढायचे, परत ओवायचे. बाल्कनीत बसून समोरच्या बिल्डिंगवरच्या पाट्या वाचायचे. तुला दिसत होतं ना हे?"

बेबी पेपरवर सांडलेली शाई टिपायला लागली.

"दिसत होतं का नाही?"

"दिसत होतं."

ताईने ती बाटली उचलली आणि बेसिनमध्ये उपडी केली. भसाभसा गुलाबी पाणी वाहत गेलं. मग चपला घालून ती तशीच दुकानात गेली. दुकानदाराची तिने चार लोकांसमोर अशी काही हजेरी घेतली की तो शाईऐवजी तिला पाणीच विचारायला लागला. कंपनीच्या सीलबंद शायांचा पूर्ण संच घेऊन ती घरी आली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी तिने ती आठही कार्ट्रिजं बसवली. एक उलटं बसवलं, ते काढून पुन्हा बसवलं. बेबी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, पण पुढे यायची तिची हिंमत झाली नाही. मशीनची नळी धुवायचं बटण ताई दाबतच राहिली, जुन्या शाईचा मागमूस जाईपर्यंत.

चित्रकारणीचं एक चित्र मागच्या कामापासून मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये पडलेलं होतं. एक म्हातारी, उन्हात बसलेली, तोंडभर हसणारी. ताईने तेच छापायला लावलं. हे बरोबर आलं की चित्रकारणीला फोन करायचा आणि सांगायचं, डोळे शाबूत आहेत माझे, आण तुझं काम. फोन तिने काढूनच ठेवला होता. चित्रकारीण अजून दुसरीकडे गेली नसली म्हणजे मिळवली.

मशीन कुरकुरलं. म्हातारीचं कपाळ आलं, मग डोळे, मग गाल. ताईने फोटो उचलला, खिडकीशी नेला, मनगट लावलं आणि निकालाची वाट बघितली.

निकाल आला नाही.

पूर्वी श्वास घ्यायच्या आत यायचा. तिने डोळे मिटून उघडले, फोटो जवळ धरला, लांब धरला. लाल आहे का? नसावा. हिरवट? वाटत नाही. मग बरोबर आहे? असेल. असेल! तिला, ताईला, 'असेल' वाटत होतं. डोळ्यांना सगळं दिसत होतं, पण आतून कुणी ठामपणे काही सांगेना. हाक ओठांपर्यंत आली, "बेबी, हे..." तिने ती दातांखाली चावून धरली. असा संताप झाला तिचा!

बेबी दारातून एक पाऊल पुढे आली. नाक रडून लाल झालं होतं.

"छान आलाय गं," ती हळूच म्हणाली. "अगदी बरोबर आहे."

"तुला कुणी विचारलं?" ताई किंचाळली.

बेबी आत निघून गेली. ताई फोटो खिडकीशी धरून कितीतरी वेळ उभी राहिली. चित्रकारणीला तिने फोन केला नाही.