गरमचा नळ

मृणाली मूळची अकोल्याची, म्हणजे कूलरवर भारी जीव. वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाण्याची धार आणि पंखा, एवढ्यावर तिकडचा मे महिना निभतो. त्याच भरवशावर या बाईनं बहरीनमधल्या सित्रा बेटाच्या किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरसाठी ओल्या ताट्यांची यंत्रणा आखली आणि सपशेल तोंडावर आपटली. अहो, अकोल्याची हवा कोरडी ठणठणीत, आणि इथली उन्हाळी हवा पिळली तर बादली भरेल. तिथे ओली ताटी कसलं डोंबलाचं गार करणार? जुलैच्या चाचणीत सर्व्हर तापून बंद पडले.

कंपनीतल्या वरच्या मंडळींना आयतंच निमित्त मिळालं. बर्फाळ उत्तरेत हवा फुकटात गार मिळते, तिकडेच बांधू म्हणाले. इथले प्रमुख लतीफसाहेब पक्के बहरीनी. त्यांनी कशीबशी महिन्याची मुदत मागून घेतली. प्रकल्प गेला की मृणालीचा व्हिसाही जाणार होता. तिच्या नवऱ्यानं, अथर्वनं, ईसा टाउनच्या घरात सामानासाठी रिकामी खोकी आणून ठेवली.

"एवढ्यात कशाला आणलीस? मी अजून हरले नाहीये," ती म्हणाली. राग आला होता, पण जास्त स्वतःचाच.

त्याच तणतणीत तिनं हात धुवायला थंडचा नळ सोडला आणि चटका बसला. गच्चीवरच्या टाकीत दिवसभर उकळलेलं पाणी ते.

"अगं, गरमचा सोड ना," अथर्व म्हणाला.

उन्हाळ्यात इथे घरोघरी हेच चालतं. गीझर बंद ठेवायचा आणि त्यात निवलेलं पाणी थंड म्हणून वापरायचं. मृणालीनं गरमचा नळ सोडला. पाणी कोमटच होतं, पण पोळलेल्या हाताला बरं वाटलं. ती तशीच नळाशी उभी राहिली.

मग सर्व्हरला तरी गारेगार हवा कशाला? आतली चिप सत्तर अंशांपर्यंत तापते. तिच्यापुढे पस्तीस अंशांचा समुद्रही गारच की! चिपला लागून बंद नळीतलं पाणी फिरवायचं आणि त्याची उष्णता समुद्राच्या पाण्याला देऊन टाकायची.

लतीफसाहेबांना पटलं. "मुदत वाढवून घेतो, जानेवारीत दाखवू," ते हिंदीत म्हणाले. "तेव्हा हमखास चालेल."

"जानेवारीत माझ्या ताट्याही चालल्या असत्या," मृणाली म्हणाली. "ऑगस्टमध्येच दाखवायचं. नाही जमलं तर मीच सगळ्यांपुढे सांगेन, खलास."

ऑगस्टच्या सगळ्यात घामट दिवशी चाचणी झाली. वरची मंडळी पडद्यावरून बघत होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही सर्व्हर बंद पडला नाही. लतीफसाहेबांनी समुद्राचं पाणी आणणाऱ्या पाइपवर हात ठेवला.

"हे तुमचं थंड पाणी?"

"सर्व्हरसाठी थंडच आहे, साहेब."

साहेब हसले आणि पडद्याकडे वळून म्हणाले, "इथेच बांधायचं."

घरी आल्यावर मृणालीनं आधी ती खोकी टराटरा फाडली. मग गरमचा नळ सोडून स्वस्थ आंघोळ केली.