ओळ कुणाची?

नोरीन ब्रूबाकरचं वर्षभराचं काम कर्टिसने एका झटक्यात चेपलं आणि वर स्वतःचं नाव लावून मोकळा झाला. माणसाला लाज म्हणून काही असते की नाही?

कॅनडातल्या वॉटर्लूच्या त्या कंपनीचा डेटाबेस जुना. आलेला प्रश्न वाचायचा, शब्द सुटे करायचे, वाक्याचा अर्थ लावायचा, टेबलांची नावं शोधायची, हे सगळं एकाच अवाढव्य फंक्शनमध्ये कोंबलेलं. जो आला त्याने त्यात आणखी एक 'जर' घुसवला आणि काढता पाय घेतला. नोरीनने ते उकलायला घेतलं. शब्द तोडणं एकीकडे, वाक्यरचना दुसरीकडे, नावं शोधणं तिसरीकडे. बाईची पद्धत अशी, की एका वेळी एकच गोष्ट हलवायची, सगळ्या चाचण्या चालवायच्या, का हलवली ते दोन ओळींत लिहायचं, मगच पुढची. अशा शंभराच्या वर पायऱ्या झाल्या. उद्या काही मोडलंच, तर नेमकं कुठल्या पायरीवर मोडलं ते सापडावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

ती ख्रिसमसच्या सुट्टीवर गेली आणि तिच्या मॅनेजरने, या कर्टिस हालोरनने, सगळ्या पायऱ्या आपल्या मशीनवर दाबून त्यांची एकच नोंद केली. 'पार्सरची साफसफाई', म्हणजे प्रश्नाचा अर्थ लावणाऱ्या त्या भागाची. करणाऱ्याचं नाव, कर्टिस. जानेवारीत सगळ्या कंपनीसमोर टाळ्याही त्यालाच पडल्या. "नावाचं काय घेऊन बसलीस, नोरीन? आपण एक टीम आहोत ना?" असं म्हणत त्याने बटर टार्टचा डबा तिच्यापुढे सरकवला. तिने मूग गिळले. टार्टही गिळला, आणि त्याचाच तिला आजवर जास्त राग होता.

फेब्रुवारीत एका रक्तपेढीचा फोन आला. त्यांचा प्रश्न साधा होता. ज्या पिशव्यांचं तापमान दोन ते सहा अंशांच्या मध्ये नाही, त्या दाखव, म्हणजे फेकून देता येतील. यादीत आल्या सगळ्या चांगल्या पिशव्या! डेटाबेसने 'नाही' हा शब्दच खाल्ला होता. तिथल्या एका बाईला यादी भलतीच लांब वाटली म्हणून तिने हात आवरला, नाहीतर चांगलं रक्त गटारात गेलं असतं.

सकाळीच मीटिंग बसली. कर्टिसच्याही वरचे साहेब व्हिडिओ कॉलवर, पडद्यावर.

"नोरीनच्या नव्या कोडने घोळ घातलाय," कर्टिस म्हणाला. "सगळं काढून टाकू. पुन्हा जुनंच चालू करू."

नोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सगळं? एका शब्दापायी?"

"नोंद एकच आहे. ठेवायची तर सगळी, काढायची तर सगळी."

"आणि ती एकच कुणी केली रे? जानेवारीत हे काम तुझं होतं. फेब्रुवारीत बरं माझं झालं!"

शेजारी बसलेल्या तिच्या सहकाऱ्याला, डेझमंडला, कॉफीचा ठसका लागला. साहेबांनी पडद्यावर चष्मा पुसायला घेतला.

"ही काय भांडायची वेळ आहे?" कर्टिस म्हणाला.

"आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांब. माझ्या पायऱ्या माझ्या मशीनवर तशाच आहेत. सापडलं नाही, तर खुशाल टाक सगळं कचऱ्यात."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. ती तरातरा जागेवर आली. मागोमाग डेझमंड.

"अगं, पाणी तरी पी. कान बघ, लालभडक झालेत."

"त्याची खुर्ची खिडकीतून बर्फात भिरकावावीशी वाटतेय मला."

"भिरकाव की. पण आधी चूक शोध, बाई."

तिने पायऱ्यांच्या बरोबर मध्यावरचा कोड उभा केला आणि त्याला रक्तपेढीचा प्रश्न विचारला. उत्तर बरोबर. म्हणजे चूक पुढच्या अर्ध्यात. मग त्याचा अर्धा, मग त्याचाही अर्धा. असं करत करत एकच पायरी उरली.

डेटाबेसच्या भाषेत, इंग्रजीसारखं, 'नाही' आधी येतं आणि 'मध्ये' नंतर; हे शब्द लागोपाठ आले की जोडीने वाचायचे, असा नियम. रक्तपेढीतल्या कुणीतरी नेमका त्या दोन शब्दांच्या मधोमध एक शेरा लिहून ठेवला होता, 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये'. असे शेरे माणसांसाठी असतात, यंत्राने ते वगळायचे. पण तो वगळताना नोरीनच्या कोडने त्याच्या आधीचा 'नाही'ही वगळला. पायरीखाली तिचंच वाक्य होतं, 'शेरे आता इथेच वगळू, सोपं पडेल.'

सोपं म्हणे! आता राग कुणावर काढायचा? स्वतःच्याच कपाळावर तिने फाडकन हात मारून घेतला.

दुरुस्ती दोन ओळींची होती. चाचण्या पार पडल्या. मग चालू कोडमधली ती ओळ कुणी लिहिली, हे तिने संगणकाला विचारलं. ते सांगणाऱ्या हुकमाचं नावच मुळी 'ब्लेम', म्हणजे दोष. पडदा भरून आला, कर्टिस हालोरन, कर्टिस हालोरन, कर्टिस हालोरन. 'नाही' खाणाऱ्या ओळीवरसुद्धा.

"राहू दे की तसंच," डेझमंड कुजबुजला. "जाऊ दे त्यालाच खड्ड्यात."

तेवढ्यात कर्टिस आलाच. "सापडलं? वा! मग ती दुरुस्ती चढव माझ्या नोंदीवर आणि..." त्याची नजर पडद्यावर गेली. "हे काय? चुकीच्या ओळीवर माझं नाव?"

"सगळ्याच ओळींवर आहे. टाळ्यांच्या वेळी चाललं की तुला."

"पण चूक तर तुझी आहे!"

"माझीच आहे. म्हणून तुझी नोंद काढून टाकतेय. तिच्या जागी माझ्या पायऱ्या, एकेक, होत्या तशा. शेवटी दुरुस्ती."

कर्टिस खाली वाकला. आवाज एकदम मऊ. "वेडी आहेस का, नोरीन? मग त्या ओळीवर तुझं नाव दिसेल. कायमचं. उद्या रक्तपेढीवाले विचारतील, साहेब विचारतील, नवीन आलेलं पोरगंसुद्धा बोट दाखवेल."

"दाखवू दे," ती म्हणाली. "ती ओळ माझी आहे. आणि बाकीच्याही माझ्याच आहेत."

तिने कळ दाबली.