चौथा स्क्रू

चौथा स्क्रू बाकीच्या तिघांसारखा नव्हता. त्या तिघांच्या डोक्यावर एकेक सरळ खाच, याच्या डोक्यावर अधिकाचं चिन्ह—आणि तेसुद्धा सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलांनी संगणकाच्या पडद्यावर काढलं होतं, सावलीसकट, स्क्रूड्रायव्हर घसरून कडेला पडलेला ओरखडा होता तोही... त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ तोंड नेलं. काळपट पत्रा, हिरवे आकडे, सरकत्या पट्ट्या, सगळं जिथल्या तिथे. दोघांनी मिळून उचलायचं ते यंत्राचं धूड आता एका बोटाने बाजूला सारता येत होतं.

"स्क्रू मुद्दाम ठेवलाय, सर," शेजारची प्रोग्रॅमर म्हणाली. "तुमचंच यंत्र आहे हे कळायला हवं ना लोकांना."

टेबलफॅनचा आहे तो, असं त्याच्या ओठावर आलं होतं, पण तो नुसता हसला. हल्ली दमलं की तो हसत असे, बोलण्यापेक्षा ते सोपं पडायचं.

पाच महिने यंत्र यांच्याकडे होतं. बंद खोलीत गायलेल्या कोरड्या आवाजाला मोठ्या दालनाचा घुमारा द्यायचा, एवढंच त्याचं काम. रेकॉर्डिस्ट म्हणून त्याची सगळी हयात त्या घुमाऱ्यावर गेली होती. यांनी ते उघडलं, मोजलं, आणि त्याची हुबेहूब नक्कल सॉफ्टवेअरमध्ये उतरवली. आज त्याने ऐकून होकार द्यायचा होता. मग ती नक्कल त्याच्या नावाने विकायला निघणार होती.

हेडफोन कानावर. आधी अ, मग ब, खऱ्या यंत्राचं कुठलं, ते त्याला सांगितलेलं नव्हतं. एका बाईचा एकच स्वर, मग तो लांब लांब जाणारा... आणि अगदी शेवटी, विझता विझता, ती थरथर. काठोकाठ भरलेला कप उचलला की चहा हलतो तशी. अ मध्ये होती. ब मध्येही होती. पुन्हा ऐकलं, पुन्हा होती. फरक नव्हता, की मला ऐकू येत नव्हता? कानाच्या डॉक्टरांनी दाखवलेल्या कागदावरची रेघ उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेली होती, हे घरीही सांगितलेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"दोन्ही सारखेच," तो म्हणाला, आणि ती मुलगी इतकी खूश झाली की त्यालाच कसंतरी झालं.

मग तिने खुर्ची जवळ ओढली. "एक विचारायचं होतं, सर. आतला एक छोटा भाग मूळचा नाहीये. वेगळ्या मापाचा आहे. तो बदलून पाहिला तर थरथर गेलीच. दुसऱ्या कुठल्याही यंत्रात ती नाही. तुम्ही मुद्दाम बसवलात ना तो?"

मान हलली. हो म्हणून हलली की नुसतीच हलली, हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नाही.

"वाटलंच मला. मग पुस्तिकेसाठी एक ओळ द्या ना, ही थरथर कशी सापडली त्याबद्दल. उद्या सकाळपर्यंत चालेल." तिने कागद पुढे केला. वर त्याचं नाव छापलेलं, खाली एक रिकामी ओळ.

बसमध्ये खिडकीशी बसून तो कागद खिशातल्या खिशात चाचपत राहिला. ओळ काय, तयारच होती. गेली अठ्ठावीस वर्षं तो विचारणाऱ्याला सांगत आला होता—कान लावून बसावं लागतं, मग यंत्र स्वतःच देतं. आणि कान लावून कोण बसलं होतं? त्या दिवशी यंत्र बंद पडलं होतं, गायिका तासाभरात यायची होती, आणि तो दुकानादुकानांतून हात हलवत परत आला तेव्हा बायको स्टुडिओच्या फरशीवर बसलेली, हातात सोल्डरिंग आयर्न, मनगटावर नुकताच भाजल्याचा लाल डाग. स्टुडिओतली सगळी दुरुस्ती तिचीच. केबल, हेडफोन, टेपची मोटर... मूळ भाग मिळाला नाही म्हणून हाताशी होता तो तिने बसवला होता, आणि घरंगळून हरवलेल्या स्क्रूच्या जागी फॅनचा लावला होता. "झालं. ऐका," ती म्हणाली. चेहरा कसा उजळला होता तिचा. त्याने ऐकलं. थरथर ऐकली. वादक समोर बसलेले असताना तो ओरडला—पुन्हा माझ्या यंत्राला हात लावायचा नाही.

तिने सोल्डरिंग आयर्नची पिन काढली. दुसरं यंत्र नव्हतं, म्हणून रेकॉर्डिंग त्याच्यावरच झालं, आणि ते गाणं घराघरांत गेलं. पुढे लोक त्या थरथरीसाठीच माझ्याकडे यायला लागले.

काही महिन्यांनी तिने दबकत विचारलं होतं, "मूळ भाग मिळतोय एका ठिकाणी. बदलून देऊ का?" आणि मी... राहू दे म्हणालो. तशाच आवाजात. दुरुस्त झालं तर संपलंच सगळं, या भीतीने. भीती वाटते एवढं सांगायला एक वाक्य लागलं असतं. आधी लाज आडवी आली, मग सवय, आणि मग फार उशीर झाला असं म्हणायची सोय झाली. ती एका शाळेच्या कचेरीत नोकरीला लागली, तिथूनच निवृत्त झाली. रेडिओवर माझं गाणं लागलं की उठून आवाज बारीक करायची. जगाला आवडतं आणि घरात कुणाला किंमत नाही, याचं दुःख मीच उराशी धरून बसलो होतो.

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. कोपऱ्यात टेबलफॅन खडखडत होता. तो पाणी प्यायला, बसला.

"कधी देणार म्हणे परत?"

"पुढच्या आठवड्यात."

"उघडलं असेल ना त्यांनी?"

"हो."

तिने घडी केलेला टॉवेल मोडला आणि पुन्हा घालायला घेतला. "मग हसले असतील माझ्या कामाला."

"कोणी नाही हसलं."

"तुम्ही नाही सांगणार. मला ऐकू येतं ते अजून. रेडिओवर लागलं ना, की बरोब्बर शेवटी... एवढी तुमची छान गाणी, आणि प्रत्येकात माझी चूक. ऐकवत नाही मला." दूध संपलंय म्हणावं इतक्या साध्या आवाजात ती हे म्हणाली, आणि टॉवेल थप्पीवर ठेवला.

तो उठला. कशासाठी उठला ते कळेना. कागदावरची ओळ आता एका दमात लिहिता आली असती, तिच्या नावासकट; उद्या ती अनोळखी माणसं वाचतील, वाहवा करतील. त्यात अवघड काहीच नव्हतं. पण या खोलीत, या थप्पीसमोर... तो फॅनपाशी गेला. जाळीच्या कडेला एक भोक रिकामं होतं. त्याने तिथे बोट दाबून धरलं, तशी खडखड थांबली.

"काय झालं?" तिने विचारलं.

लोक त्या चुकीसाठीच यायचे हे सांगितलं तर ती रडणार नाही, रागावणारही नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती एवढंच विचारील, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? इतक्या वर्षांत त्याने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती, आणि बोट उचललं की पुन्हा खडखड सुरू होणार, म्हणून तो तसाच उभा राहिला.